फिरते पिंप आणि न मिसळणारे कण

मराठीतील 'घोळणे' हे क्रियापद मोठे चमत्कारिक आहे. शंकरपाळे पिठीसाखरेत घोळतात, तेव्हा दोन पदार्थ एकमेकांस मिळावेत हा हेतू असतो. तांदूळ सुपात घोळतात, तेव्हा तांदूळ व खडे एकमेकांपासून दूर व्हावेत हा हेतू असतो. हाताची हालचाल जवळजवळ तीच, फळ मात्र नेमके उलट. ज्या पिढ्यांनी हा शब्द वापरात रुळवला त्यांना यात विसंगती वाटली नाही. कारण दाणे हालवले असता ते कधी मिसळतात आणि कधी वेगळे होतात, हा त्यांचा रोजचा अनुभव होता. पिंपात फिरणाऱ्या दाण्यांबाबत हाच अनुभव शास्त्राच्या दप्तरी नोंदला जाण्यास मात्र १९३९ साल उजाडावे लागले, आणि नोंद झाल्यावरही तिचा अर्थ नेटाने शोधला जाण्यास आणखी पन्नास वर्षे लागली. त्या नोंदीचा व त्या विलंबाचा इतिहास सांगणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम विषय काय तो स्पष्ट करू. एक लांबट, आडवे, गोल पिंप कल्पावे. त्यात निम्म्याहून थोडे कमी दाणे भरावेत. काही बारीक व काळे, काही मोठे व पांढरे. पिंप आपल्या अक्षाभोवती सावकाश फिरवावे. सामान्य समजूत अशी की, जितके अधिक फिरवू तितके मिश्रण एकजीव होईल. प्रत्यक्षात पहिल्या दोन-चार फेऱ्यांतच बारीक काळे दाणे आत शिरून मध्यभागी गाभा धरतात व मोठे पांढरे दाणे त्याभोवती राहतात. पिंप तसेच फिरत ठेवले, तर काही शे फेऱ्यांनंतर त्याच्या लांबीवर आळीपाळीने काळे-पांढरे पट्टे उमटतात. पहिल्या प्रकारास आपण गाभ्याचे विलगन म्हणू, दुसऱ्यास पट्ट्यांचे विलगन. दोन्ही ठिकाणी कोणी चाळण लावलेली नाही, वारा दिलेला नाही. मिसळण्यासाठी योजलेली क्रियाच वेगळे करण्याचे काम करते.

या विषयाकडे आम्ही वळलो ते एका जुन्या सलणीमुळे. शासकीय सेवेत असताना काही वर्षे खतांचे नमुने घेण्याचे काम आमच्याकडे होते. १९८५ च्या खत नियंत्रण आदेशान्वये पोत्यांत परखी घालून नमुना काढावयाचा, सील करावयाचा आणि प्रयोगशाळेकडे धाडावयाचा, असा तो रिवाज. सीमाभागातील एका लहान मिश्रखत उत्पादकाचा माल एकदा नापास झाला. एका पोत्यात पोटॅश हवे त्याहून पुष्कळ कमी, दुसऱ्यात तितकेच जास्त. तो गृहस्थ कळवळून सांगत होता की, साहेब, शंका नको म्हणून नेहमीच्या दुप्पट वेळ पिंप फिरवले होते. आम्हास ती थाप वाटली. 'मिश्रण पुरेसे न केल्यामुळे' असा शेरा आम्ही अहवालात लिहिला आणि प्रकरण पुढे पाठवले. दुप्पट फिरवल्यानेही माल बिघडू शकतो, ही शक्यता आमच्या मनाला शिवलीही नाही. निवृत्तीनंतर या विषयावरील वाचन हाती आले, तेव्हा तो शेरा आठवून आम्ही अस्वस्थ झालो.

फिरत्या पिंपाचा उद्योगधंद्यांतील इतिहास तसा जुना आहे. दळण्यासाठी, रंगद्रव्ये घोटण्यासाठी आणि धान्य भाजण्यासाठी फिरणारी पिंपे वापरात होतीच. पण त्यांस अवाढव्य रूप आले ते सिमेंटच्या भट्टीमुळे. १८८५ साली इंग्लंडमध्ये फ्रेडरिक रॅन्सम यांनी फिरत्या भट्टीचे पेटंट घेतले. किंचित कललेल्या लांब नळकांड्यात वरच्या तोंडाने कच्चा माल घालावयाचा, खालच्या तोंडाने ज्वाला सोडावयाची आणि नळकांडे सतत फिरते ठेवावयाचे. रॅन्सम यांचे स्वतःचे प्रयोग फारसे सफल झाले नाहीत. अमेरिकेत १८९० नंतरच्या दशकात ती कल्पना मार्गी लागली. आज जगातील बहुतेक सिमेंट अशाच भट्ट्यांतून, सुमारे १४५० अंश सेल्सिअस तापमानास भाजून निघते. बारीक माल गाभ्यात दडून राहिला, तर त्याला उष्णता कमी पोहोचते व माल असमान भाजतो. म्हणजे आपल्या विषयाचा संबंध प्रयोगशाळेतील रंगीत मण्यांपुरता नाही; घराच्या स्लॅबशीही आहे.

योगायोग असा की, त्याच १८८५ साली मँचेस्टरचे ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी दाण्यांचा एक मूलभूत गुण प्रसिद्ध केला. दाटीने बसलेल्या दाण्यांना एकमेकांवरून सरकावयाचे असेल, तर त्यांना आधी थोडे विस्फारावे लागते, जागा करून घ्यावी लागते. समुद्रकाठच्या ओल्या वाळूवर पाय ठेवताच पावलाभोवतीची वाळू क्षणभर कोरडी पडते, तिचे कारण हेच. वाळू विस्फारते आणि वरचे पाणी खाली शोषले जाते. त्याहीपूर्वी, १७७३ साली फ्रान्समध्ये कूलोंब यांनी मातीचा भार व तिचे घर्षण यांचे गणित मांडले होते. ढीग एका ठरावीक उतारापर्यंतच का उभा राहतो, हे त्या विचारातून उलगडते. फिरत्या पिंपाचे मर्म या दोन गोष्टींत आहे. पिंप फिरले की आतला ढीग त्याबरोबर वर चढतो, उतार मर्यादेबाहेर गेला की पृष्ठभागावरचे दाणे विस्फारून घसरतात, आणि खालची रास मात्र घट्ट, एखाद्या दगडासारखी, पिंपाबरोबर फिरत राहते. अर्थात मिसळणे असो की वेगळे होणे असो, सारा व्यवहार वरच्या पातळ, वाहत्या थरात चालतो.

हे सर्व ज्ञान हाताशी असूनही पिंपात नेमके काय होते, हे पद्धतशीरपणे पाहणारा मनुष्य १९३९ मध्ये जपानात निघाला. त्यांचे नाव ओयामा. टोकियोमध्ये १९१७ साली स्थापन झालेली भौतिक व रासायनिक संशोधनाची एक संस्था आहे. 'रिकेन' या संक्षिप्त नावाने ती जगात ओळखली जाते. या संस्थेच्या पत्रिकेच्या अठराव्या खंडात ओयामांचा निबंध प्रसिद्ध झाला. आडव्या, फिरत्या पिंपात दोन आकारांचे दाणे घातले असता ते लांबीवर पट्ट्यांनी वेगळे होतात, ही या विषयातील पहिली ज्ञात नोंद. निबंध जपानी भाषेत होता. साल १९३९ होते. थोड्याच दिवसांत जगाला युद्धाने वेढले आणि टोकियोतील एका संस्थेच्या पत्रिकेत, जपानी लिपीत छापलेल्या त्या पानांकडे जपानबाहेर लक्ष जाणे अवघड होऊन बसले.

त्याच वर्षी इंग्लंडमध्ये आर. एल. ब्राउन यांनी इंधनविषयक एका संस्थेच्या नियतकालिकात विलगनाच्या मूलतत्त्वांवर निबंध लिहिला. त्यांच्यापुढे प्रश्न कोळशाचा होता. कोळसा वरून ओतला की मोठी ढेकळे घरंगळत पायथ्याशी जातात आणि भुकटी ढिगाच्या मध्यात राहते. खळ्यावर रास घालणाऱ्या आपल्या शेतकऱ्यालाही हे ठाऊक असते; राशीच्या कडेला जाडाभरडा माल व ढेकळे सापडतात. मग बॉयलरच्या एका बाजूस भुकटी व दुसऱ्या बाजूस ढेकळे पोहोचली, तर आच समान कशी लागावी? एकाच वर्षी पृथ्वीच्या दोन टोकांना दोन माणसे एकाच कोड्याच्या दोन बाजू पाहत होती.

युद्धकाळात व त्यानंतर हा विषय रसायन-अभियंत्यांच्या हाती आला. पी. एम. सी. लेसी यांनी १९४३ व १९५४ मधील निबंधांत एक साधा पण महत्त्वाचा प्रश्न विचारला: चांगले मिश्रण म्हणजे काय? अर्धे काळे व अर्धे पांढरे दाणे असलेल्या मिश्रणातून शंभर दाण्यांचा नमुना काढला, तर त्यात बरोबर पन्नास काळे निघतील अशी अपेक्षा व्यर्थ आहे. मिश्रण सर्वोत्तम असले तरी दाणे केवळ योगायोगाने बसलेले असतात. अशा नमुन्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांश नमुन्यांत काळ्यांची संख्या पंचेचाळीस ते पंचावन्न या दरम्यान पडेल. उरलेल्यांत फरक त्याहून अधिक असेल. म्हणून नमुन्यांतील प्रत्यक्ष फरक हा योगायोगाने येणाऱ्या फरकापेक्षा किती अधिक आहे, हेच मिश्रणाच्या दोषाचे खरे माप. लेसी यांचा मिश्रणांक आजही वापरला जातो. नमुने काढून माणसांचे भवितव्य ठरवणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्याने तो एकदा तरी वाचावा, असे आम्हास आता वाटते.

१९५५ साली वायडेनबॉम व बोनिला यांनी अमेरिकेत पिंपातील मिश्रणाचे काळजीपूर्वक मोजमाप केले. फिरवण्याच्या आरंभी मिश्रण झपाट्याने सुधारते, पण पुढे सुधारत राहत नाही; मिसळणे व वेगळे होणे या दोन विरोधी ओढींचा कोठेतरी समतोल होतो, हा विचार या काळात रुजला. पुढे १९६२ मध्ये डोनाल्ड व रोझमन यांनी ब्रिटनमध्ये ओयामांच्या पट्ट्यांचे कारण शोधण्याचा प्रयत्न केला. त्यांचा निष्कर्ष असा की, बारीक दाण्यांचा ढीग मोठ्या दाण्यांच्या ढिगापेक्षा अधिक उभा राहत असेल तर पट्टे पडतात, नाहीतर पडत नाहीत. नियम सोपा होता आणि कारखानदारांना सोयीचाही. तो पुरता खरा नव्हता, हे कळण्यास आणखी तीस वर्षे जावयाची होती.

गाभा का बनतो, याचे उत्तर त्या मानाने लवकर उमगले. वरच्या वाहत्या थरात दाणे विस्फारलेले असतात. त्यांच्यामध्ये क्षणोक्षणी फटी उघडतात व मिटतात. लहान फटी मोठ्या फटींपेक्षा कितीतरी अधिक उघडतात. बारीक दाणा लहान फटीतूनही खाली घसरतो, मोठ्याला तशी वाट मिळत नाही. वाहता थर म्हणजे स्वतःच एक हालती चाळण होय. खाली गेलेला बारीक दाणा घट्ट राशीत लवकर अडकतो व गाभ्यात जमा होतो. मोठा दाणा वरच्यावर वाहत पिंपाच्या कडेपर्यंत पोहोचतो. कॅनडातील मॅकगिल विद्यापीठाचे सॅव्हेज व त्यांचे सहकारी लुन यांनी १९८८ मध्ये उतरणीवरून वाहणाऱ्या दाण्यांसाठी या चाळणीचे गणित मांडले. आकार सारखा असून वजनात फरक असला तरीही गाभा बनतो; तेथे जड दाणे बुडतात व आत जातात. सुपात घोळणाऱ्या हाताला या दोन्ही गोष्टी ठाऊक असतात, फक्त तो हात समीकरणे लिहीत नाही.

वेगाचाही येथे मोठा वाटा आहे. १९८३ मध्ये हेनीन, ब्रिमाकोम व वॉटकिन्सन यांनी फिरत्या भट्टीतील मालाच्या हालचालींचे प्रकार प्रयोगाने निश्चित केले. अगदी मंद वेगात सारी रास भिंतीवरून नुसती घसरते. थोड्या अधिक वेगात ती थांबून थांबून कोसळते. त्यापुढे पृष्ठभाग अखंड वाहू लागतो. आणखी वेग दिल्यास दाणे उसळून पडतात. आणि अखेरीस ते भिंतीलाच चिकटून पिंपाबरोबर गरगरतात. एक मीटर व्यासाच्या पिंपात ही शेवटची अवस्था मिनिटाला सुमारे ४२ फेऱ्यांच्या पुढे येते. तेथे दाण्यांची परस्पर हालचालच थांबते, मग मिश्रण कोठून होणार? अधिक वेग म्हणजे अधिक मिश्रण, ही दुसरी लोकप्रिय समजूतही येथे कोसळते.

आता पट्ट्यांकडे वळू. या कथेत मुंबईचा संबंध येतो तो येथे. पवईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील दास गुप्ता, देवांग खक्कर व सुरेश भाटिया यांनी १९९१ साली आडव्या पिंपातील पट्ट्यांवर निबंध प्रसिद्ध केला. डोनाल्ड व रोझमन यांनी ढिगाचा स्थिर उतार पाहिला होता. पवईच्या संशोधकांनी पिंप फिरत असतानाचा उतार महत्त्वाचा मानला. हा उतार वेगाबरोबर बदलतो आणि प्रत्येक प्रकारच्या दाण्यांसाठी वेगळ्या प्रमाणात बदलतो. समजा, एखाद्या ठिकाणी योगायोगाने बारीक दाणे थोडे अधिक जमले आणि तेथे वाहता पृष्ठभाग शेजारच्यापेक्षा किंचित उभा झाला. मग तेथून घसरणारे मोठे दाणे सरळ खाली न जाता थोडे बाजूला कलतात. त्यामुळे तेथे बारीक दाण्यांचे प्रमाण आणखी वाढते, उतार आणखी उभा होतो, आणि लहानसा योगायोग वाढत वाढत पट्टा होऊन बसतो. ओयामांच्या नोंदीला बावन्न वर्षांनी मिळालेले हे एक सुसंगत स्पष्टीकरण. खक्कर पुढे २००९ ते २०१९ या काळात त्याच संस्थेचे संचालक होते.

यानंतरच्या दशकात जणू बांध फुटला. भौतिकशास्त्रज्ञांचे कुतूहल तोवर दाणेदार पदार्थांकडे वळलेच होते. मिश्र सुक्या मेव्याचा डबा हालवला की मोठी ब्राझील-बी वर का येते, असा प्रश्न शीर्षकातच विचारणारा रोझॅटो व सहकाऱ्यांचा निबंध १९८७ मध्ये गाजला होता. १९९४ मध्ये इस्रायलच्या वाइझमन संस्थेतील झिक व सहकाऱ्यांनी, आणि अमेरिकेत मिनेसोटा येथील हिल व काकालिओस यांनी पिंपातील पट्ट्यांवर स्वतंत्र निबंध लिहिले. मिनेसोटाचा प्रयोग विशेष नाट्यपूर्ण होता. एका वेगाने पिंप फिरवले की पट्टे पडत. तेच पिंप, तेच दाणे कमी वेगाने फिरवले की पट्टे विरून पृष्ठभाग पुन्हा मिश्र दिसे. वेग वाढवला की पट्टे परत हजर. येथे कोणतीही गोष्ट कायमची बिघडत नाही. वेग हाच मिसळण्याचा व विलगनाचा न्यायाधीश ठरतो.

परंतु हे सारे निरीक्षण पृष्ठभागाचे होते. आत काय चालले आहे ते पाहावयाचे कसे? वाळू पारदर्शक नाही, आणि पिंप उघडून माल उपसला की रचना मोडते. या अडचणीवर तोडगा निघाला तो आपल्या फोडणीच्या डब्यातील मोहरीतून. रुग्णालयात शरीराचे आतील चित्र घेणारे चुंबकीय अनुनादाचे यंत्र द्रवातील हायड्रोजन टिपते. वाळूत तो नसतो, पण मोहरीच्या दाण्यात तेल असते. नाकागावा व सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये फिरत्या पिंपातील मोहरीची अशी चित्रे घेऊन वाहत्या थरातील वेग मोजले. १९९७ मध्ये हिल, कॅप्रिहान व काकालिओस यांनी याच यंत्राने पट्टे पडलेल्या पिंपाचे अंतरंग पाहिले. पृष्ठभागावर मोठ्या दाण्यांचा शुद्ध पट्टा दिसत असतानाही, त्याच्या खाली बारीक दाण्यांचा गाभा एका पट्ट्यातून दुसऱ्या पट्ट्यात अखंड गेलेला असू शकतो, हे त्यातून निदर्शनास आले. वरून विभक्त दिसणारे आत जोडलेले होते. पृष्ठभागाच्या उतारावर उभारलेले स्पष्टीकरण त्यामुळे अपुरे ठरले.

मिसळण्याच्या बाजूचेही एक सुंदर काम याच काळातले. १९९५ मध्ये अमेरिकेतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाचे मेटकाफ, शिनब्रॉट, मकार्थी व ओटिनो यांनी आकाराने सारखे, फक्त रंगाने वेगळे दाणे घेऊन सावकाश फिरणारे पिंप अभ्यासले. प्रत्येक कोसळण्यात दाण्यांची एक पाचर वरून खाली येते. पिंप निम्म्याहून कमी भरलेले असेल तर या पाचरी एकमेकींना छेदतात व दाण्यांची देवाणघेवाण होते. बरोबर निम्मे भरले तर छेद उरत नाही आणि मिश्रण मंदावते. निम्म्याहून अधिक भरले तर मध्यभागी एक गाभा असा राहतो की, तो कधी कोसळतच नाही; जसा भरला तसाच फिरत राहतो. एकाच फेरीत अधिक माल काढण्याच्या लोभाने पिंप गच्च भरणाऱ्यांस यापरता स्पष्ट इशारा कोणता? खक्कर व ओटिनो यांनी पुढे एकत्र काम केले. १९९९ मध्ये त्यांनी हिल व अन्य सहकाऱ्यांसह गोलाऐवजी चौकोनी पात्र वापरले, तर विलगनाच्या आकृत्या कशा बदलतात ते दाखवले, आणि २००० साली या सर्व ज्ञानाचा एक साक्षेपी आढावा प्रसिद्ध केला.

कोडे मात्र संपले नाही. १९९७ मध्ये टोरांटो येथील चू, मोल्टेनो व मॉरिस यांनी लांब पिंपात मीठ व वाळू फिरवली, तेव्हा पट्टे स्थिर बसण्याआधी पिंपाच्या लांबीवर लाटांसारखे प्रवास करताना दिसले. उताराच्या साध्या गणितात प्रवासी लाटांना जागा नव्हती. २००५ मध्ये खान व मॉरिस यांनी गाभ्यातील बारीक दाणे लांबीवर किती मंद पसरतात ते मोजले. पाण्यात शाई पसरते त्याहून ते मंद निघाले. पुढे काही संगणकीय प्रतिकृतींतून मात्र पसरणे नेहमीसारखेच असल्याचे दिसले, आणि वाद शिल्लक राहिला. २०११ मध्ये सायडेन व टॉमस यांनी या विषयाचा विस्तृत आढावा घेतला. गाभ्याचे कारण पुष्कळसे कळले, पट्ट्यांच्या कारणांवर पूर्ण एकमत नाही, असेच आजही म्हणावे लागते. ज्या यंत्राला एक दांडा व एक पिंप यांखेरीज काही लागत नाही, त्याच्या पोटातील रहस्य ऐंशी वर्षांहून अधिक काळ विद्वानांना पुरून उरले आहे.

या ज्ञानाचा व्यवहारात उपयोग काय, असा प्रश्न वाचक विचारतील. तो साध्या शब्दांत सांगता येतो. मिसळावयाचे दाणे शक्यतो सारख्या आकाराचे निवडावेत. पिंप निम्म्याहून कमी भरावे. आत पाती बसवावीत किंवा पिंपाचा अक्ष तिरका ठेवावा, म्हणजे दाण्यांची ठरलेली वाट मोडते; रस्त्याच्या कडेला काँक्रीट कालवणाऱ्या यंत्राचे पिंप तिरके असते व त्यात पाती असतात ती उगीच नव्हे. फिरवण्याचा काळ प्रयोगाने ठरवावा व त्यापुढे फिरवू नये. आणि एकदा मिसळलेला माल उंचावरून ढिगात ओतू नये, नाहीतर ब्राउन यांनी वर्णिलेला कोळशाचा प्रकार होतो. औषधांच्या कारखान्यात तर हा जीवनमरणाचा प्रश्न आहे. हृदयविकारावरील डिगॉक्सिनच्या गोळीत मूळ औषध जेमतेम पाव मिलिग्रॅम असते. बाकी सारे भरणद्रव्य. मिश्रणात पट्टा पडला, तर एका रुग्णाला काहीच मिळत नाही व दुसऱ्याला विषाची मात्रा मिळते.

आमच्या त्या खत उत्पादकाकडे आता पुन्हा वळू. युरियाचे बारीक मणी, डीएपीचे मोठे दाणे आणि पोटॅशचे ओबडधोबड स्फटिक त्याने एकाच आडव्या पिंपात दुप्पट वेळ फिरवले, आणि मग ढीग घालून पोती भरली. आज जे ठाऊक आहे त्यावरून, त्याचे म्हणणे खरे असण्याचा पुष्कळ संभव होता. तो निर्दोष होता असे आम्ही म्हणत नाही. ज्या शेतकऱ्याच्या उसाला पोटॅश मिळाले नाही, त्याचे नुकसान हेतू पाहून होत नसते, आणि कायद्याने त्या शेतकऱ्याच्या बाजूने उभे राहणे योग्यच होते. परंतु 'मिश्रण पुरेसे न केल्यामुळे' हे कारण आम्ही कशाच्या आधारावर लिहिले? नमुना नापास झाला, इतकेच आम्हास ठाऊक होते. कारण आम्ही आपल्या समजुतीतून पुरवले. त्या मनुष्यास कोणी 'कमी फिरवा, दाणे सारखे घ्या, पिंप कमी भरा' असे सांगितले असते, तर पुढचा माल सुधारला असता. आमच्या शेऱ्याने त्याला नेमके उलट शिकवले. पुढच्या खेपेस त्याने बहुधा तिप्पट वेळ फिरवले असेल.

बहुभाषिक प्रदेशात राहणाऱ्या आम्हा मंडळींना या विषयातून समाजाची उपमा काढण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. तो मोह आम्ही आवरतो. दाण्यांना स्मृती नसते, शेजार नसतो, आणि आपण कोठे जावे हे ते ठरवीत नाहीत, माणसे ठरवतात. परंतु ज्ञानाच्या बाबतीत मात्र हे चित्र फार बोलके वाटते. सुपाशी बसलेल्या बाईचे ज्ञान एका पट्ट्यात, भट्टीवरच्या कामगाराचे दुसऱ्यात, अभियंत्याचे तिसऱ्यात, भौतिकशास्त्रज्ञाचे चौथ्यात, आणि नमुने काढणाऱ्या आमच्यासारख्या अधिकाऱ्याचा पट्टा तर अगदीच कोरडा. एकच पिंप वर्षानुवर्षे फिरत होते, तरी हे पट्टे मिसळले नाहीत.

आणि ओयामा? १९९० नंतरच्या दशकात पट्ट्यांवर लिहिल्या गेलेल्या निबंधांच्या प्रारंभी त्यांचे नाव व '१९३९' हे साल पुन्हापुन्हा भेटते. ज्यांना जपानी वाचता येत नव्हते, अशा कित्येकांनीही ते आदराने नोंदवले. एका संस्थेच्या पत्रिकेत, आपल्या भाषेत, डोळ्यांनी जे पाहिले ते त्यांनी नीट लिहून ठेवले. वाचक तेव्हा मूठभर असतील. पन्नास वर्षांनी जगाला प्रश्न पडला, तेव्हा पहिला साक्षीदार म्हणून त्याच पानांकडे बोट दाखवावे लागले. महाराष्ट्राबाहेर राहून मराठीत लिहिणाऱ्या व आपली त्रैमासिके नेटाने चालवणाऱ्या आमच्यासारख्यांना यापेक्षा मोठा दिलासा हवा कशाला? एवढेच करावे की, पाहिलेले नेमके लिहावे, आणि न पाहिलेल्याचे कारण शेऱ्यात लिहू नये.